डावीकडची जागा

मोडी अक्षर कागदावर दिसतं तेव्हा ते लिहून संपलेलं असतं, आणि ती लिपी शिकणाऱ्याची खरी अडचण तिथंच आहे. बाळबोध अक्षर डोळ्याला ओळखू येतं. मोडी हाताला ओळखू यावं लागतं. बोरू कुठं टेकला, कुठून वळला, खालून वर कसा चढला आणि न उचलता पुढच्या अक्षरात कसा शिरला, हे ज्याला दिसलं त्याला ओळ वाचता येते. बाकीच्यांना पानभर वेलबुट्टी दिसते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढलेली, तिच्याखाली अक्षरं अडकवलेली. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुस्तकांत मुळाक्षरांचा तक्ता असतो, पण तक्त्यातली अक्षरं एकेकटी उभी असतात. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली आणि संगणकावर मोडी उमटू लागली, याचा मला मनापासून आनंद झाला. तरी टायपातलं अक्षरही एकेकटंच. दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनानं रात्री समईच्या उजेडात घाईनं ओढलेली ओळ त्यावरून सुटत नाही. ती सोडवायला शिकायचं तर लिहिणाऱ्याच्या शेजारी बसावं लागतं.

मी तशी बसले. ज्यांच्या शेजारी बसले ते अण्णा आता नाहीत. त्यांचं देणं माझ्याकडं तसंच आहे. माझी भाची कित्येक महिने मागं लागली होती, "आत्या, तू मोडीचा व्हिडिओ ब्लॉग सुरू कर." तिला हो म्हणायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तरी या देण्याचाच प्रश्न होता.

अण्णा साताऱ्यात आमच्या दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. भूमी अभिलेख खात्याच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. सकाळी नऊपासून त्यांच्या ओसरीवर माणसं यायची. कुणाकडं इनामाची सनद, कुणाकडं वाटणीपत्र, कुणाकडं नुसताच जीर्ण कागद, काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसलेला. अण्णा चष्मा पुसायचे, कागद मांडीवरच्या पाटीवर पसरायचे आणि आधी पूर्ण कागदावरून नजर फिरवायचे, अगदी तळापर्यंत. मगच तोंड उघडायचे.

आम्ही त्यांच्याकडं गेलो ते विहिरीपायी. १९८४च्या सुमाराची गोष्ट. गावाकडच्या मळ्यातली विहीर आमची एकट्याची, असं वडील म्हणायचे. चुलते म्हणायचे सामाईक. बोलाचाली बंद झाली होती, वकिलापर्यंत जायची भाषा सुरू होती. पणजोबांच्या वेळचा एक मोडी कागद वडिलांच्या ट्रंकेत निघाला. तो वाचून द्यायला कचेरीच्या आवारातल्या एकानं पैसे सांगितले, वर "तुम्हाला हवं तसं लिप्यंतर करून देतो," असंही सांगितलं. वडील तसे सरळ माणूस. ते तिथून उठले आणि अण्णांकडं आले. मी बरोबर होते, कारण त्या वर्षी मी बी. ए. झाले होते आणि घरात कागदपत्रांचं काम माझ्याकडं आलं होतं.

अण्णांनी कागदाला हातही लावला नाही. "हा वादाचा कागद आहे ना? मग दुसऱ्या बाजूला बोलवा. दोघांच्या देखत वाचीन." वडील संतापले. दोन आठवडे गेले. शेवटी आईनं चुलत्यांकडं निरोप धाडला आणि एका रविवारी दोघं भाऊ त्या ओसरीच्या दोन टोकांना, एकमेकांकडं पाठ करून बसले. अण्णांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या, मोट कुणी कोणत्या वारी धरायची तेही. वडिलांचा चेहरा उतरला. "पुन्हा एकदा बघा," ते म्हणाले. अण्णांनी पुन्हा वाचलं, त्याच चालीनं. म्हणाले, "कागद जे म्हणतो तेच म्हणायचं. आपल्याला हवं ते त्याच्या तोंडी घालायचं नाही."

त्या दिवसापासून पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या. चुलते आणि वडील पुढं एकमेकांच्या घरी जेवायला जाऊ लागले, ते वडील जाईपर्यंत. आमच्या घरावरचं अण्णांचं हे पहिलं ऋण. पण मला त्या रविवारी जे लागलं ते वेगळं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसानं विहिरीवरचं भांडण आधीच ओळखून मिटवून ठेवलं होतं आणि आम्हाला ते कळायला एक माणूस मधे लागला. तो माणूस नसता तर? मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन विचारलं, "अण्णा, मला शिकवाल का?" त्यांनी बोट दाखवलं. "डावीकडं बस."

शिकवायची त्यांची रीत संथ होती. पहिले कित्येक दिवस त्यांनी मला अक्षर काढू दिलं नाही. बोरू तासायचा, त्याला कत मारायची, ती तिरपी कितपत असावी हे त्यांच्या कतीशी लावून बघायचं आणि मग फक्त शिरोरेघा. पानच्या पान शिरोरेघा. रेघ सरळ यायला लागली तेव्हा एक अक्षर, मग त्याला काना. बाळबोधीत काना वरून खाली येतो. मोडीत पुष्कळदा हात खालून वर चढतो आणि शिरोरेघेला भिडतो. तिथंच पुढचं अक्षर सुरू. अण्णा माझं मनगट धरून तो चढ चढवून घ्यायचे. एकदा तो चढ हातात बसला की डोळ्यांना आपोआप दिसू लागतं की हे दोन आकार एका झटक्यातले आहेत आणि तो तिसरा बोरू पुन्हा शाईत बुडवून आल्यानंतरचा. शाईचा गडद-फिका रंगच ते सांगतो.

मग संक्षेप. परगण्याचा नुसता 'प' आणि त्यापुढं दोन काने. तर्फेचा 'त', पुढं दोन काने. मग तारखा, आणि त्यात सगळ्यात मजा. मुसलमानी महिन्याच्या चांद्र तारखेआधी 'छ', आणि शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत. 'सलास सितैन मया व अलफ' : तीन, साठ, शंभर, हजार. झाले ११६३. त्यात ५९९ मिळवा, इसवी १७६२. सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारीनंतर मृगापर्यंतची तारीख असेल तर ६०० मिळवा. फसलीला ५९० किंवा ५९१. अण्णा हे बोटांच्या पेरांवर करायचे आणि मला तोंडी करायला लावायचे, कागदाला पेन्सिल लावायची सक्त मनाई.

त्यांनी सांगितलेली एक युक्ती मी आजही रोज वापरते. शब्द अडला की त्यावर बोट ठेवून बसायचं नाही, पुढं जायचं. "आधी कारकुनाशी ओळख करून घे," म्हणायचे. "तोच माणूस तोच शब्द पुढं पुन्हा लिहिणार आहे. कुठं तरी निवांत लिहील, तिथं तो तुला सापडेल. मग मागं ये." हे त्यांनी वाचनाबद्दल सांगितलं. शाळेत मराठी शिकवताना वर्गातल्या अबोल मुलांबद्दलही मला ते उपयोगी पडलं.

अण्णांच्या पत्नीचं, काकूंचं देणं वेगळं मांडलं पाहिजे. ओसरीवर येणाऱ्या लोकांना एक तरुण मुलगी आपल्या घरचे कागद बघते हे रुचायचं नाही. एकजण एकदा म्हणाला, "अण्णा, तुम्हीच वाचा, पोरीच्या हातात नको." काकू आतून चहा घेऊन येत होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "आज त्यांचे डोळे दुखतायत. तीच वाचेल." अण्णांचे डोळे ठणठणीत होते. ते गप्प बसले आणि मी वाचलं. अण्णांकडच्या जुड्यांना कसर लागू नये म्हणून कागद बांधायच्या रुमालांत वेखंडाचे तुकडे घालायच्या त्याही काकूच.

अण्णांनी वाचनाचे पैसे कधी घेतले नाहीत. लोक पायलीभर शेंगा, नारळ, हंगामात गूळ ठेवून जायचे, तेवढंच. मला शिकवण्याचं तर त्यांनी काहीच घेतलं नाही. पहिल्या पगारातून मी धोतरजोडी नेली तेव्हा म्हणाले, "हे मला दिलंस, चालेल. पण फेड म्हणून धरू नको. फेड मला करायची नसते." मग त्यांनी मला त्यांच्या हातचा कित्ता दिला. फुलस्केप कागद शिवून केलेली वही. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं आणि मग वाक्यं. वाक्यं कुठल्या बखरीतली नव्हती. 'आज भाजीला मेथी आणली.' 'पाऊस चांगला आहे, ओढ्याला पाणी आले.' एरवी लाकडी वाटणारी लिपी त्या वाक्यांनी माझ्या घरात आली.

हे सगळं भाचीला सांगितलं तर ती म्हणायची, "मग अडलंय कुठं? हेच तर सांगायचंय." अडलं होतं ते इथं.

२०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी समिती नेमली गेली आणि मराठवाड्यापासून सुरू झालेला कुणबी नोंदींचा शोध सगळ्या महाराष्ट्रभर पसरला. गावोगावची कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने महसुली कागद बाहेर निघाले. त्यातले पुष्कळ मोडीत. एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. ज्या लिपीची कुणाला आठवण नव्हती तिच्यावर घरांचं भवितव्य लटकलं. माझ्याकडंही माणसं आली, फोन आले. मोबाइलवर फोटो यायचे आणि खाली एकच ओळ : 'ताई, यात कुणबी लिहिलंय ना?' प्रश्नातच उत्तर घालून. त्यांची तळमळ मला कळत होती. मुलांची शिक्षणं अडकलेली होती. पण उत्तर देताना विहिरीचा रविवार डोळ्यांसमोर यायचा. जे लिहिलंय तेच सांगायचं. काहींना ते आवडलं, काहींनी फोन ठेवून दिला.

अशा दिवसांत व्हिडिओवर मोडी शिकवायला बसायचं म्हणजे काय होईल, याचा विचार मी रात्र रात्र केला. दहा भाग बघून कुणीतरी गावात 'मोडी वाचक' म्हणून पाटी लावील. एका अक्षराच्या गफलतीनं आडनाव बदलतं, आडनावानं वारस बदलतो. शिवाय माझ्यासमोर कोण बसलंय हे मला दिसणार नाही. वर्गात मी आयुष्य काढलं. मूल चुकतंय हे त्याच्या खांद्यावरून कळतं. अण्णांनी मनगट धरलं होतं. कॅमेऱ्यातून मनगट कसं धरणार?

दुसऱ्या बाजूला मी पाहिलेली घरं आहेत. आजोबा गेले, वाडा पाडायला काढला, माळ्यावरून कागदांची गाठोडी निघाली. कुणाला वाचता येईना, म्हणून कृष्णेत सोडली. असं सांगणारी माणसं चांगली, शिकलेली होती आणि सांगताना हळहळत होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, कोट्यवधी कागद. त्यातले कितीतरी अजून कुणाच्या नजरेखालून गेलेले नाहीत. तंजावरला भोसल्यांच्या राज्याचे मोडी कागद आहेत आणि तिथले मराठी बोलणारे लोकही आहेत. पुराभिलेख खात्याचे वर्ग भरतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारखी १९१०पासूनची संस्था आहे. पण गडहिंग्लजच्या किंवा तंजावरच्या मुलीनं कुणाच्या डावीकडं जाऊन बसायचं? अण्णांसारखी माणसं आता गल्लोगल्ली नाहीत. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि ती शाळेत शिकलेली पिढीही आता संपत आली. अर्धवट शिकलेले वाचक होतील ही भीती खरी, पण ते पुस्तकं बघूनही होतातच. त्यांना हात कसा चालतो हे दाखवलं तर त्यातले निम्मे तरी पुरते शिकतील, असं मला आता वाटतं.

भाचीनं मला सलमान खान यांची गोष्ट सांगितली. सिनेमातले नव्हेत, खान अकॅडमीचे. अमेरिकेत बोस्टनला नोकरी करणारा हा माणूस २००४ साली न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या एका बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागला. इतर भावंडंही शिकवणी मागू लागली, तेव्हा २००६ साली त्यानं धडे यूट्यूबवर ठेवले. त्यात चेहरा नव्हताच. काळ्या फळ्यावर उमटत जाणारं लिखाण आणि आवाज. मला त्यातलं नातं आवडलं, घरच्या एका मुलीसाठी सुरू झालेलं. आणि चेहरा नाही हे तर फारच आवडलं. कॅमेऱ्यासमोर नटून हसत बसायचं, 'नमस्कार मित्रांनो' म्हणायचं, ते माझ्यानं होणार नाही.

मग गेल्या श्रावणात आम्ही करून बघितलं. भाचीनं टेबलावर स्टँड लावला, मोबाइल बरोबर डोक्यावर, खाली तोंड करून. मी कागदावर शिरोरेघ ओढली आणि कित्त्यातलं मेथीचं वाक्य लिहिलं. चित्रीकरण बघितलं तर त्यात बोटांची पेरं दिसत होती, बोरूचा दांडा दिसत होता, हाताची सावली दिसत होती. टोक कुठंच नाही. हात पुढं सरकला की मागं तयार अक्षर उरायचं. म्हणजे पुन्हा तेच, लिहून संपलेलं. "याला काही अर्थ नाही," मी म्हटलं. भाचीनं स्टँड उजवीकडं घेतला, आणखी वाईट. समोरून घेतला, अक्षरं उलटी. मग तिनं तो माझ्या डाव्या खांद्याच्या किंचित मागं आणला, थोडा पुढं झुकवून. आणि कत दिसली. ती कागदाला टेकली, वळली, खालून वर चढली, रेघेला भिडली, शाई फिकी होत गेली, सगळं दिसलं.

उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात टोकाच्या उजवीकडं असतो. म्हणून ते टोक डावीकडूनच दिसतं. अण्णांनी मला कारण कधी सांगितलं नाही, नुसती जागा दिली. त्या ओसरीवरची माझी जागा आता त्या मोबाइलला मिळाली होती, आणि त्या मोबाइलमागं गडहिंग्लजची, तंजावरची, कुठलीही मुलगी बसू शकत होती. मी भाचीला त्याच वेळी हो म्हटलं.

त्यानंतर अण्णांच्या मुलाला फोन केला. तो पुण्याला असतो, त्याला मोडी येत नाही. कित्ता व्हिडिओत दाखवू का, असं विचारलं. तो म्हणाला, "वही तुमची आहे, मला काय विचारता? पण अण्णा अक्षर कसं काढायचे ते एकदा तुम्ही काढून दाखवाल का? मी लहानपणी बघितलं, शिकलो नाही." त्याच्यासाठी मी बाराखडीचा भाग वेगळा करणार आहे, अण्णांच्या वळणानं. ते वळण जरा लफ्फेदार होतं. माझा हात तेवढा मोकळा नाही, म्हणून रोज सकाळी कित्ता गिरवते आहे.

बाकीचं ठरवणं सोपं गेलं. यूट्यूबच्या नियमानं हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तास बघणं झालं की लांब व्हिडिओंना जाहिरातीचे पैसे मिळू शकतात. शिकवण्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. मी आयुष्यभर पगार घेऊनच शिकवलं. पण हे शिकवणं माझ्याकडं ज्या अटीवर आलं ती अट मला माहीत आहे, त्यामुळं तो अर्ज मी करणार नाही. जाहिराती यूट्यूबवाले त्यांच्या त्यांच्या लावतात, त्याला माझा इलाज नाही. भाग किती मिनिटांचे हा भाचीचा आणि माझा वाद चालू आहे. ती म्हणते, लोक दोन मिनिटांच्या वर थांबत नाहीत. पहिले तीन भाग कत मारण्याचे आणि शिरोरेघेचे, संथपणेच होतील. ज्याला थांबायचं तो थांबेल. कागद दाखवायचे ते छापून प्रसिद्ध झालेले किंवा माझ्या घरचे, विहिरीच्या कागदासकट. चुलतभावांना विचारून झालं आहे, त्यांनी आनंदानं होकार दिला. लोकांनी पाठवलेला कागद व्हिडिओत वाचणार नाही. जातीचा नाही, जमिनीचा नाही, साधं पत्र असलं तरी नाही. ज्याला आपला कागद वाचून हवा असेल त्यानं मूळ कागद घेऊन साताऱ्याला यावं, फोटो नको. दुपारी चारनंतर मी घरीच असते, पैसे लागत नाहीत. वादाचा कागद असेल तर दुसऱ्या बाजूच्या माणसालाही बरोबर आणावं.